नंबर चारचे ठिपके

‘मॅडम, स्टँड आला,’ कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कुठे मी मोबाइलमधून मान वर काढली. सौसरच्या स्टँडवर बस रिकामी होऊन उभी होती आणि मी एकटीच खिडकीशी बसून तेच पत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

पत्र एका जर्नलच्या संपादकांचं होतं. त्यांनी माझा पेपर परत पाठवला नव्हता, हेच खूप होतं. आधी दोन जर्नलांनी तो न वाचताच परत केला होता. यांनी तपासणाऱ्यांकडे दिला, आणि त्यांतल्या एकानं तर माझ्या निष्कर्षाला ‘रोचक’ म्हटलं होतं. तक्रार होती ती आलेखांची. आलेख अस्पष्ट आहेत. त्यांवर सॉफ्टवेअरच्या चाचणी-आवृत्तीचा फिकट शिक्का दिसतो. सरासरीचे खांब दाखवू नयेत, प्रत्येक मोजणी तारखेनुसार ठिपक्यानं दाखवावी. कोणतं सॉफ्टवेअर वापरलं आणि त्याचा परवाना आहे का, तेही लिहावं. मुदत पंधरा दिवस.

परवाना हा शब्द वाचून मला बसमध्येच हसू आलं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, आमच्या कॉलेजातल्या त्या महागड्या सॉफ्टवेअरचंही तसंच होतं. कुणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवर आणलं आणि सगळ्यांनी वापरलं. उन्हाळ्यात ते बंद पडलं. मग मी त्याच कंपनीची तीस दिवसांची चाचणी-आवृत्ती घरी उतरवून आलेख काढले. शिक्का इतका फिकट होता की कुणाला दिसणार नाही असं मला वाटलं. परदेशातल्या माणसाला तो दिसला.

मी करुणा गजभिये. वय चव्वेचाळीस. राहते पांढुर्ण्याला, शिकवते सौसरच्या कॉलेजात, रसायनशास्त्र. पद अतिथी विद्वान. मध्य प्रदेशात आमच्यासारख्यांना असं भारदस्त नाव आहे. कायम प्राध्यापक आला की पाहुण्यांनी उठायचं. सोळा वर्षं पाहुणी म्हणून राहिलेली बाई दुसरी कुठे असेल तर मला भेटवा. पुढच्या जानेवारीत आमच्या विषयाची कायम जागा भरणार होती. पीएचडी असती तर त्या जागेवर माझा दावा लागला असता. पीएचडीची माझी नोंदणी एकतीस डिसेंबरला संपत होती, मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली, आणि एक तरी पेपर स्वीकारला गेल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेणार नव्हतं. रामाकोन्याला दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या बापाची मी मुलगी. बाबा जाईपर्यंत लोकांना सांगत होते, आमची करुणा डॉक्टर होऊन राहिली, सुया टोचणारी नव्हे, पुस्तकवाली. थोडक्यात, माझं सगळं आता दोन आलेखांवर येऊन थांबलं होतं.

परवान्याचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं म्हणून सवलतीची किंमत वाचली आणि लॅपटॉप मिटून भाजी चिरायला बसले. संध्याकाळी तेजस्विनीला फोन केला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याला संशोधन करते. फुकटचं सॉफ्टवेअर चालेल का, लोक हसणार तर नाहीत ना, असं मी तिला विचारलं.

‘मॅडम, अर्धं जग त्याच्यावरच पेपर छापून राहिलं,’ ती म्हणाली. ‘नाव बिनधास्त लिहा. परवान्याच्या जागी मुक्त स्रोत लिहा. लपवाचं काहीच नाही त्याच्यात.’

तिनं तीन नावं दिली आणि निवडताना काय पाहायचं तेही सांगितलं. प्रत्येक मोजणीचा ठिपका देता येतो का. तारखा कळतात का. कितीही मोठं केलं तरी रेघ धारदार राहील अशी फाइल निघते का. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, वर्षभरानं तोच आलेख तुम्हाला स्वतःला पुन्हा काढता येईल का. मी ते भाजीच्या पिशवीच्या कागदावर लिहून घेतलं.

पहिलं होतं आर. दोन दिवस मी त्याच्याशी झुंजले. त्यात माउसचं काम नाही, सगळं लिहून सांगावं लागतं, आणि एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरात बोलणी खावी लागतात. ते सासूसारखं होतं. काय चुकलं ते सांगायचं, कसं करायचं ते आपणच शोधायचं. दोष त्याचा नव्हता. मला दोन महिने हवे होते आणि माझ्याकडे दिवस होते तेरा. दुसरं ग्नूप्लॉट. त्यानं तीन ओळींत आलेख काढून दिला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं उभ्याउभ्या गूळ खाल्ला, पण खालचे आठवड्यांचे आकडे एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि ते सरळ करायला तेजस्विनीनं पाठवलेलं पान वाचूनच घाम फुटला. तिसरं व्ह्यूज. त्यात डाव्या बाजूला आलेखाच्या एकेका भागाची नावं, नावावर टिचकी मारायची आणि हवं ते बदलायचं. आकड्यांची फाइल त्यानं मुकाट्यानं घेतली. मी एक ठिपका पडदाभर मोठा करून पाहिला, कडा तुटली नाही. पाचव्या दिवशी मी व्ह्यूज नक्की केलं.

आता माझं काम नेमकं काय होतं ते सांगते. पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हा विषय. सन बावीसच्या मार्चपासून वर्षभर, दर शनिवारी, पाच ठिकाणचं पाणी. बावन्न शनिवार, दोनशे साठ बाटल्या. शनिवारी मला सौसरला तास असतात म्हणून बाटल्या भरायचं काम माझ्या नवऱ्याचं, अंकुशचं. ते पंप मिस्त्री आहेत. संत्र्याच्या बगिच्यांमधल्या बोरमधून नादुरुस्त मोटारी काढतात आणि घरी आणून त्यांना नवी तार भरतात. भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये डाळीच्या मागे राहायच्या आणि सोमवारी पिशवीत घालून मी त्या बसनं सौसरच्या प्रयोगशाळेत न्यायची. पावसाळ्यात नदी भरली की चार ठिकाणचं नायट्रेट खाली आलं. नंबर चारचं आलं नाही. नंबर चार म्हणजे मंदिराखालच्या पायऱ्या. तिथून थोडं वर संत्र्याच्या बगिच्यांचा नाला नदीला मिळतो. बगिच्यांतलं खत पावसाळाभर तिथे उतरत राहतं आणि पुरातही विरत नाही, असा माझा निष्कर्ष होता. ‘रोचक’ म्हणाले होते ते यालाच.

व्ह्यूजला तारखा पाहिजे होत्या आणि माझ्या तक्त्यात नुसते आठवडे होते, एक ते बावन्न. म्हणून त्या रविवारी दुपारी मी ट्रंकेतून बावीस सालचं कॅलेंडर काढलं. त्यावर दर शनिवारी बाटल्या आल्या की मी लाल टिकली करून ठेवलेली होती. एकेक आठवडा पाहून तारीख लिहीत गेले, आधी साल, मग महिना, मग दिवस. तासाभरात बावन्न तारखा झाल्या. मग पाच ठिकाणांना पाच रंग दिले आणि आलेख उघडला.

पडद्यावर ठिपके पडले. खांबांमध्ये बारा महिने दाबून बसवलेली नदी आता शनिवारा-शनिवारानं उड्या मारताना दिसत होती. पहिल्या पावसाला वर, पुराला खाली, पुन्हा थोडी वर. मी स्वतःशीच म्हटलं, वा. तीन वर्षं हे आकडे मी हाताळले आणि असे एकदाही पाहिले नव्हते.

मग नंबर चार पाहिला. मार्च ते जून तोही इतरांसारखा उड्या मारत होता. जुलैच्या दोन तारखेपासून ऑक्टोबरच्या बावीस तारखेपर्यंत त्याचे सतरा ठिपके दोरीवर वाळत घातल्यासारखे एका ओळीत होते. सगळे लिटरला अडतीस मिलिग्रॅमच्या आसपास. त्यानंतर पुन्हा उड्या.

नदी असं वागत नाही. ऐन पुरात तर नाहीच नाही. मी आधी टायपिंगची चूक शोधली, मग प्रयोगशाळेची वही काढली. वहीतही तेच आकडे होते, माझ्याच अक्षरात. यंत्र बिघडलं म्हणावं तर त्याच दिवशी त्याच यंत्रावर तपासलेल्या बाकीच्या चार बाटल्या शहाण्यासारख्या वागल्या होत्या. सतरा तारखा एकेक करून कॅलेंडरवर पाहू लागले आणि सव्विसाव्या आठवड्याशी थांबले. सत्तावीस ऑगस्ट. आदल्या दिवशी पोळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड झेंड्यासकट रोवतात आणि या काठावरून पांढुर्णा, त्या काठावरून सावरगाव, तो झेंडा काढून नेण्यासाठी सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकमेकांवर दगड फेकतात. ते झाड रोवतात त्या जागेच्या समोरच नंबर चारच्या पायऱ्या. त्या दिवशी तिथे पोलीस, अँब्युलन्स, हजारोंची गर्दी आणि फुटलेली डोकी. बाटली घेऊन पाणी भरायला कुत्रंसुद्धा जाणार नाही. बस गावात येणार नाही म्हणून मी शुक्रवारपासून रविवारपर्यंत सौसरला बहिणीकडे होते. आणि कॅलेंडरवर त्या तारखेला माझी लाल टिकली होती. सोमवारी ती बाटली मी हातात घेतली होती, तिच्यावरची तारीख वाचली होती, पाणी तपासून आकडा लिहिला होता. पांढुर्ण्यात वीस वर्षं संसार केलेल्या बाईला ती तारीख खटकली नाही, कारण मला आकडा हवा होता.

सोमवारी मी घरून एक बाटली नेली. अंगणातल्या आमच्या बोरची. प्रयोगशाळेत ती तपासली. अडतीस पूर्णांक दोन.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अंकुश अंगणात मोटार उघडून बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं, ‘नंबर चारचं पाणी कुठून आणलं होतं तुम्ही?’

‘नदीतलं. अजून कुठलं?’

‘जुलैपासून दिवाळीपावतर?’

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. ‘आंगनातलं,’ ते म्हणाले. ‘बोरचं.’

‘सतरा शनवार?’

‘मी नाही मोजले. तू मोजले असशीन.’

मी का म्हणून विचारलं नाही, नुसती उभी राहिले. त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, ‘मले भेव लागे नदीचं.’

हे मला बारा भानगडींपेक्षा अवघड गेलं. कामचुकारपणा असता, पत्त्यांचा नाद असता, तर मला भांडता आलं असतं. या माणसाचा जन्म पाण्याच्या मोटारीत गेला. आणि हे त्यांनी मला वीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

‘जूनमधी घसरलो होतो, तुले याद आहे का?’ ते म्हणाले. ‘कमरापावतर पानी होतं. पाय टेकूनच नाही राहिला. पायरी धरली म्हनून वाचलो. घरी आलो, त तू म्हटलं, बाटली कुठी आहे.’

मला आठवलं. दारात उभे होते, कपड्यांतून पाणी गळत होतं, कोपर सोललं होतं. बाटली वाहून गेली होती. मी दुसरी बाटली हातात दिली होती आणि एक शनिवार जरी चुकला तरी सगळं वाया जाईल असं बजावून त्यांना परत पाठवलं होतं.

‘गेलो ना मी तवा. तो शनवार खरा आहे,’ ते म्हणाले. ‘त्याच्या बादचे नाही. बाकी चार नंबर मी बराबर आनले, तिथं काठावरून हात पुरते. चारले पायऱ्या उतरा लागते. एक डाव पुलावरून दोरीनं डबा सोडून पाह्यला, त पोट्टे हासले. म्हने, मिस्त्री झेंडा काढाले आले.’

‘मले सांगाचं तरी.’

‘काय सांगू? पांढुर्ण्याच्या मानसानं बायकोले सांगाव का, मले नदीचं भेव लागते म्हून?’

मी फार वाईट बोलले. माझी सहा वर्षं तुम्ही बोरच्या पाण्यात बुडवली, असं म्हणाले. बाबांचं नाव काढलं. त्या रात्री दोघंही न जेवता झोपलो. मला त्यांचा राग होता आणि त्या दुसऱ्या बाटलीची लाज होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याला गाइड सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले की ठिपके मागितलेत तर ठिपके द्या, पण प्रत्येक आठवड्याचे कशाला, महिन्याच्या सरासरीचा एकेक द्या. महिन्याला एक ठिपका म्हटलं की ती सरळ ओळ कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. ज्यांना हे कळलं त्या तुम्ही एकट्याच आहात, डिसेंबर संपू द्या, मग पुढच्या आयुष्यात काय प्रामाणिकपणा करायचा तो करा. फोन ठेवल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलंही.

पण महिन्याच्या सरासरीतही नंबर चार आडवाच दिसत होता. म्हणून बुधवारी कॉलेजातून आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. ती मी कुणाला सांगितलेली नाही, अंकुशनाही नाही. तक्त्यात जाऊन सतरापैकी पाच आकडे बदलले. अडतीसचे एकेचाळीस केले, एका ठिकाणी छत्तीस, गोटमारीच्या आठवड्याला साडेचव्वेचाळीस. व्ह्यूजनं एका क्षणात ठिपके हलवले. त्याला काय, आपण देऊ तो आकडा ते मांडतं. नंबर चार आता अगदी नदीसारखा दिसत होता. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नव्हता. मी तो पाऊण तास पाहत बसले, अक्षरांचा आकार नीट केला, रेघेची जाडी नीट केली, फाइल काढली आणि पत्राला जोडली.

पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. बाहेर अंगणात अंकुश बोर चालू करून मोटारीची चाचणी घेत होते आणि पाण्याचा आवाज येत होता. मला एकदम इतकं रडू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. त्या माणसानं भीतीपोटी बाटली भरली होती आणि निदान तिच्यात पाणी तरी खरं होतं, कुठल्यातरी जमिनीतून आलेलं. माझे पाच आकडे तर कुठूनच आले नव्हते. मी ते पुसले. मग बाकीचे बाराही पुसले. सतरा रकाने रिकामे झाले आणि आलेखात नंबर चारची रेघ जूनच्या शेवटी तुटली आणि थेट ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा सुरू झाली.

अंकुश पाणी प्यायला आत आले होते. दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्या मागे उभं राहून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘हे मधात तुटलं काय?’

‘हो.’

‘जोडता नाही येत का?’

‘येते,’ मी म्हणाले. ‘जोडाचं नाही.’

ते ओला हात पँटला पुसत बाहेर गेले.

शुक्रवारी दुपारी मी सुधारलेला पेपर पाठवला. सॉफ्टवेअरच्या जागी व्ह्यूज, मुक्त स्रोत असं लिहिलं. सोबतच्या पत्रात लिहिलं की नंबर चारचे सतरा नमुने नदीचे नव्हते, चूक माझी आहे, म्हणून ते काढले आहेत. पावसाळ्यात नंबर चारचं नायट्रेट खाली येत नाही हा निष्कर्षही मागे घेतला आहे. मग पेपरात उरलं काय, हे मला माहीत होतं. आमच्या गावच्या नदीत पूर आला की नायट्रेट कमी होतं, एवढंच उरलं होतं. ते नदीवर धुणं धुणाऱ्या शकुबाईलाही विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

तरी आशा सुटत नाही. तीन आठवडे मी दिवसातून दहादा मोबाइल पाहत होते, तास चालू असतानासुद्धा. कदाचित खरं बोलल्याचं त्यांना कौतुक वाटेल, कदाचित उरलेल्या चार ठिकाणांवर भागवून घेतील. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. छोटंच होतं. सुधारित आलेख स्पष्ट आणि प्रकाशनयोग्य दर्जाचे आहेत. लेखिकेच्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. मात्र मुख्य निष्कर्ष मागे घेतल्यावर पेपरात नवीन काही उरत नसल्यामुळे तो स्वीकारता येत नाही.

मी स्टाफरूममध्ये होते. समोर बसलेल्या सुचिता मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, काही नाही, ग्राफ चांगले निघाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. सहा वर्षांचा अभ्यास, दोनशे साठ बाटल्या, बसमधले ते सगळे सोमवार, आणि बाबांनी अख्ख्या रामाकोन्याला सांगून ठेवलेली ती डॉक्टर. दुसरं जर्नल शोधायला अठरा दिवस उरले होते, आणि अठरा दिवसांत कुठलंच जर्नल पोचपावतीपलीकडे काही देत नाही. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले की मी तुम्हाला सांगितलं होतं.

घरी मी अंकुशना पत्र वाचून दाखवलं नाही. नाकारलं, एवढं एकदाच सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर घरात बोलणं होतं ते गॅस, दळण आणि भाजीचं.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी रजा टाकली होती. नोंदणी संपायला चार दिवस उरले होते आणि प्रयोगशाळेत उभं राहण्याची इच्छा नव्हती. सकाळी दहाच्या सुमाराला अंकुशनी फडताळातून एक रिकामी बाटली काढली, तिचं झाकण तपासलं आणि खिशात घातली. कुठे निघालात असं मी विचारलं.

‘चार नंबरले.’

मी म्हणाले की आता काही उपयोग नाही, ते सगळं संपलं. त्यांनी ऐकलं आणि चप्पल घातली. मीही शाल घेऊन मागे निघाले.

थंडीतली जाम नदी म्हणजे काय असते. पात्रात दगड उघडे पडलेले आणि मधून गुडघाभर पाणी. पायऱ्यांवर दोन बायका कपडे आपटत होत्या. मी वर थांबले. अंकुशनी पँट दुमडली, कठड्याला हात लावून ते एकेक पायरी उतरले. शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबले. तिथून त्यांची पाठ मला दिसत होती आणि शर्टाच्या आत ती हलत होती. कपडे धुणारी एक बाई हात थांबवून त्यांच्याकडे पाहू लागली. मला वाटलं खाली जावं, हात धरावा, पण मी गेले नाही. मग ते पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत आणि थोडं पुढे, जिथे धार होती तिथपर्यंत. वाकून बाटली भरली, पहिलं पाणी मी शिकवल्याप्रमाणे विसळून टाकलं, पुन्हा भरली, झाकण लावलं. वर आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मी शालीनं त्यांचे पाय पुसले. तिथेच, पायरीवर बसून, त्या बायकांच्या देखत. ते नको नको म्हणत होते. मग बाटलीवर मी तारीख आणि नंबर लिहिला.

सोमवारी सौसरला ती तपासली. कुठल्याही तक्त्यात तिला जागा नव्हती, वहीत शेवटच्या पानावर लिहिली. दुपारच्या सुट्टीत अंकुशना फोन केला. ते लोधीखेड्याकडे कुणाच्या बगिच्यात मोटार काढत होते, मागून साखळीचा आवाज येत होता.

‘एकवीस पूर्णांक सहा,’ मी म्हणाले.

पलीकडची साखळी थांबली.

‘मंग नदीचंच होय,’ ते म्हणाले.